हजेरीची वही अजून मिटलेली नाही

हा लेख लिहायचा की नाही, यावर आमच्यात दोन बैठकी झाल्या. काही जणांचे म्हणणे होते की आपल्याच वस्तीची उणीदुणी चव्हाट्यावर कशाला आणायची? आधीच टपून बसलेल्यांच्या हातात आयते कोलीत मिळेल. शेवटी लिहायचेच ठरले. जी चूक दुसऱ्याने केली की आपण मोर्चा काढतो, ती आपल्या हातून झाली की झाकून ठेवायची, हे बाबासाहेबांच्या चळवळीला शोभत नाही.

मोहन्यात आमची छोटी अभ्यासिका आहे. विहाराच्या वरच्या खोलीत, लोकवर्गणीतून चालते. संध्याकाळी सहा ते दहा. दहावी-बारावीची मुले येतात, पोलीस भरतीची तयारी करणारी येतात. घरात टीव्ही, लहान भावंडे, दहा बाय दहाची खोली, वाचणार कुठे? म्हणून ही सोय. भिंतीवर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, बाजूला संविधानाची उद्देशिका. तिथे एक नवा मुलगा येऊ लागला. दहावीचा. आमच्याच वस्तीतल्या त्याच्या मित्राने त्याला आणले होते. तो आंबिवलीच्या इराणी वस्तीतला.

तीन आठवडे काही झाले नाही. मग एके दिवशी एका मुलीचा मोबाईल गेला. खोलीत त्या वेळी वीस-बावीस मुले होती. कोणी काही बोलले नाही, पण सगळ्यांच्या नजरा एकाच कोपऱ्यात गेल्या. आमच्यातल्या एकाने त्याची बॅग घेतली आणि सर्वांसमोर सतरंजीवर उपडी केली. वह्या, कंपास, पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा. मोबाईल नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी त्याला सांगण्यात आले, "काही दिवस येऊ नकोस, वातावरण निवळू दे."

तो मोबाईल आजपर्यंत सापडलेला नाही. कोणी घेतला, आम्हाला माहीत नाही. तो मुलगा परत आला नाही.

हा निकाल आम्ही दिला. पुराव्याशिवाय, फिर्यादीशिवाय, आरोपीचे म्हणणे न ऐकता, फक्त त्याच्या जन्माच्या पत्त्यावरून. अशा निकालाला आपल्या भाषेत काय म्हणतात, हे आम्ही कोणाला शिकवायची गरज नाही. म्हणून आम्ही इतिहासाकडे वळलो. जन्मावरून निकाल देण्याची ही सवय आली कुठून, आणि आपल्या अंगात ती शिरली कशी?

जन्मतःच चोर ठरवणारा कायदा

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादा माणूस नव्हे, तर अख्खी जमात सराईत गुन्हे करते असे सरकारला वाटले की ती जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करायची. एकदा जाहीर झाले की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नाही. मग जमातीतल्या लोकांची नोंदवही तयार व्हायची, नेमून दिलेल्या वेळी पोलिसांकडे वा पाटलाकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. परवान्याशिवाय सापडला तर शिक्षा. त्याने चोरी केली की नाही, हा प्रश्नच नाही. १८९७ च्या दुरुस्तीने तर मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची वाट मोकळी केली. म्हणजे पाच-सहा वर्षांचे मूलसुद्धा उद्याचा चोर म्हणून धरले गेले. आधी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू करता येईल असा झाला आणि मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल वाढला. १९२४ मध्ये तो पुन्हा पक्का केला गेला.

कायद्याचे समर्थन करताना साहेबांनी कोणता युक्तिवाद केला होता? तो असा, की हिंदुस्थानात धंदा जातीवर चालतो. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. नीट पाहा. ही कल्पना साहेबाने लंडनहून आणलेली नव्हती. ती इथे तयारच होती. माणसाची लायकी जन्माने ठरते, हा मनुस्मृतीचा सिद्धांत. साहेबाने त्याला फक्त कायद्याचा शिक्का आणि फौजदाराची काठी दिली. म्हणून 'गुन्हेगार जमात' ही जातिव्यवस्थेचीच एक शाखा आहे. आज 'इंग्रजांनी केले' म्हणून हात झटकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

सोलापूरला आजही 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. तारेच्या कुंपणात जमातींना डांबायचे, गिरण्यांत कामाला पाठवायचे, संध्याकाळी हजेरी घ्यायची, अशी ती व्यवस्था होती. कैकाडी, कंजारभाट, भामटा, बेरड, रामोशी, छप्परबंद, पारधी अशी किती नावे. आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ जाती आहेत आणि भटक्या जमाती वेगळ्या. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. दुसऱ्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही पुस्तके आहेत. वाचताना डोळेही भरून आले असतील. मग इतके वाचून त्या संध्याकाळी आम्ही बॅग कशी उपडी केली?

आपलेही नाव त्याच वहीत होते

आपल्यातले पुष्कळ जण म्हणतील, तो भटक्या-विमुक्तांचा इतिहास, आपला वेगळा. तो वेगळा नाही.

कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड या जातींच्या लोकांना गावकामगार पाटलाकडे रोज हजेरी द्यावी लागे. गावात चोरी झाली की पहिला संशय महारवाड्यावर आणि मांगवाड्यावर. परगावी जायचे तर सांगून जायचे, रात्री घरात आहोत हे दाखवून द्यायचे. ही पद्धत राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली हुकूम काढून बंद केली. त्याच काळात त्यांनी महारवतन आणि वेठबिगारीवरही घाव घातला. एवढेच करून ते थांबले नाहीत. ज्या फासेपारध्यांच्या सावलीला लोक घाबरत, त्यांना महाराजांनी आपल्या पदरी पहाऱ्याचे काम दिले. ज्याला जग चोर म्हणते त्याच्या हाती पहारा द्यायचा! हा माणूस एखाद्याचा स्वीकार कसा करायचा, यावर भाषण देत बसला नाही. त्याने विश्वास टाकला आणि जोखीम आपल्या अंगावर घेतली.

दुसरी वही लष्कराची. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत महार शिपाई किती पराक्रमाने लढले, हे आपण दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन सांगतो. त्याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती थांबवली. कारण काय? लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असा नवा सिद्धांत आला. काल ज्याच्या खांद्यावर बंदूक होती, तो आज रक्तानेच लढवय्या नाही असे कागदावर ठरले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात तात्पुरती भरती झाली आणि युद्ध संपल्यावर पलटण मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले.

आता हे एकत्र ठेवून पाहा. धर्माच्या वहीत आपण अस्पृश्य. लष्कराच्या वहीत बिगरलढाऊ. पाटलाच्या वहीत संशयित. तिन्ही वह्यांत आपल्या कर्माचा रकाना कोराच होता. फक्त जन्माचा रकाना भरलेला होता. अशा वहीत दीडशे वर्षे ज्याचे नाव होते, त्याने दुसऱ्यासाठी तशीच वही उघडावी, याहून मोठी शोकांतिका कोणती?

बाबासाहेबांनी कोणाला सोबत धरले

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट. हे गृहस्थ मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते. त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. सोळंकी सभासद होते. १९३० साली अहवाल आला. त्यात अस्पृश्य, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि भटक्या जमातींसह इतर मागासवर्ग अशी विभागणी सुचवली होती. पुढे मुंबई सरकारचे मागासवर्ग खाते निघाले, त्याचीच वाढ म्हणजे आजचे समाजकल्याण. म्हणजे आज आपली मुले ज्या खात्याच्या शिष्यवृत्तीवर शिकतात, त्याच्या मुळाशी अस्पृश्य, आदिवासी आणि भटके यांचा प्रश्न एकत्र मांडलेला होता.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला खडा सवाल केला, की तुमच्या या प्राचीन संस्कृतीत लाखो माणसे रानटी अवस्थेत आणि काही तर पिढीजात गुन्हेगारीवर जगत आहेत, याची तुम्हाला लाज कशी वाटत नाही? इथे प्रश्नाची दिशा बघण्यासारखी आहे. लाज त्या माणसांना वाटावी असे ते म्हणत नाहीत. ज्यांनी त्यांना तसे ठेवले, त्यांना ते लाज विचारतात. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तर त्यांनी तीन समूह एका ओळीत ठेवले: गुन्हेगार ठरवलेल्या जमाती सुमारे २ कोटी, आदिवासी दीड कोटी, अस्पृश्य ५ कोटी. ज्या संस्कृतीने हे तीन समूह निर्माण केले तिला संस्कृती म्हणावे का, असा त्यांचा रोख आहे. बाबासाहेबांनी पहिल्या समूहाकडे बोट दाखवून 'आम्ही त्यांच्यासारखे नाही' असे म्हटले नाही. तसे म्हणणे सोपे होते. राजकीयदृष्ट्या फायद्याचेही होते. त्यांनी ते केले नाही.

आपण मात्र नेमके तेच करतो. ते का, हे आता सांगतो.

कायदा गेला, नजर राहिली

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर संपला. त्या दिवसापासून या जमाती 'विमुक्त'. पण मागच्या दाराने सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडे १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा. कागदावर आता जमात नाही, व्यक्ती धरायची होती. फौजदाराच्या डोक्यात मात्र जुनीच यादी राहिली. १९९८ साली पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन सबर पोलीस कोठडीत मेला, त्याच वर्षी आपल्या बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी तरुण. महाश्वेतादेवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड यांनी तेव्हा विमुक्तांच्या हक्कांसाठी देशभर आवाज उठवला.

पोलिसांना दोष देऊन मोकळे होता येत नाही. १ जुलै २०१८ चा राईनपाडा आठवा. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मोबाईलवर मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. बाजारात त्यांना कोणीतरी हटकले, जमाव जमला, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारले. मारणारे कोणी सरदार-जहागीरदार नव्हते. तो भाग आदिवासीबहुल. ज्यांना स्वतःला शहरातला माणूस संशयाने बघतो, त्यांनी परक्या भटक्याला संशयाने बघितले आणि त्यांचा जीव घेतला.

समाजशास्त्रात हॉवर्ड बेकर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६३ साली 'आउटसायडर्स' या पुस्तकात मांडले, की गुन्हेगारपण हे कृतीत जितके असते तितकेच समाज लावत असलेल्या शिक्क्यात असते. एकदा शिक्का बसला की नोकरी मिळत नाही, सोबत मिळत नाही, भाड्याने खोली मिळत नाही. उरते ती शिक्का बसलेल्यांचीच संगत. मग काही जण खरोखर त्या वाटेला जातात आणि शिक्का मारणारा म्हणतो, बघा, मी म्हणालोच होतो! बाबासाहेबांची श्रेणीबद्ध असमानतेची मांडणी याच्या पुढे जाते. जातिव्यवस्था टिकते, कारण प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी सापडतो. वरच्याचा अपमान सहन करण्याची भरपाई खालच्याचा अपमान करून मिळते. बेकर वाचून शिक्का कळतो. तो शिक्का दलिताच्या हातात कसा येतो, हे कळायला बाबासाहेब वाचावे लागतात.

मोहन्यात ही भरपाई कशी चालते ते सांगतो. एन. आर. सी. कारखाना होता तोवर मोहन्याला नाव होते. २००९ मध्ये तो बंद पडला, हजारो कुटुंबांची चूल थंडावली, कॉलनी ओस पडत गेली. त्यानंतर आमची मुले नोकरीच्या मुलाखतीला गेली, पत्ता सांगितला, की समोरून प्रश्न येतो, "मोहने म्हणजे ते आंबिवलीचं? इराणी वस्तीजवळ?" गाडीचे कर्ज काढायला गेलेल्या एकाला तर एजंटाने तोंडावर सांगितले की तुमचा एरिया निगेटिव्हमध्ये आहे. स्थळ बघायला आलेले पाहुणे तेच विचारतात. अशा वेळी आमची मुले काय उत्तर देतात? "नाही हो, ते लोक तिकडे स्टेशनजवळ. आम्ही वेगळे." म्हणजे आपल्यावर उडालेला चिखल झटकायचा आणि शेजाऱ्याच्या अंगावर टाकायचा. 'आम्ही वेगळे' हे दोन शब्द हीच श्रेणीबद्ध असमानतेची पायरी.

"पण चोऱ्या होतात त्याचे काय?"

हा प्रश्न टाळून चालणार नाही. इराणी समाजाचा इतिहास विमुक्त जमातींचा जसाच्या तसा नाही. ते शिया मुसलमान, त्यांची बोली वेगळी, भटकंतीची परंपरा वेगळी. सोनसाखळी चोरीच्या गुन्ह्यांत आंबिवलीचे नाव वर्षानुवर्षे येते, शहराशहरांतून पोलीस इथे येतात, पथकांवर दगडफेक झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. हे नाकारणे म्हणजे स्वतःला फसवणे.

आमच्या वस्तीतल्या एका मावशीचे मंगळसूत्र शहाडजवळ भररस्त्यात ओढून नेले. चार घरची धुणीभांडी करून सात वर्षांत जमवलेले सोने. मानेवर वळ उठले होते. बैठकीत आम्ही समतेच्या गोष्टी बोलू लागलो तेव्हा ती म्हणाली, "मला शिकवू नका. गळा माझा सोलला." चोर कोण होता, हे कधी कळले नाही, तिने मात्र नाव नक्की केलेले होते. तिच्या रागाला उत्तर नव्हते आणि आम्ही ते देण्याचा आगाऊपणाही केला नाही. फक्त तिच्याच शेजारणीने आठवण करून दिली, की पूर्वी कल्याणच्या एका घरात अंगठी हरवली तेव्हा त्या बाईने हिचीच साडी झटकायला लावली होती. मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते वेगळं."

ते वेगळं. अंगठीवाल्या बाईलाही ते वेगळंच वाटले असेल. हजेरी घेणाऱ्या पाटलालाही. आम्हाला मावशीला खोटे पाडायचे नाही. तिला न्याय हवा आहे, आणि तो मिळालाच पाहिजे. पण तिचा चोर सापडण्यासाठी दहावीतल्या मुलाची बॅग उपडी करून काय मिळाले? चोर मोकळाच राहिला आणि एक विद्यार्थी गेला. जमातीवर ठपका ठेवण्याचा सर्वांत मोठा फायदा खऱ्या चोराला होतो, कारण सगळेच चोर ठरले की त्याला वेगळे शोधायचे कष्ट कोणी घेत नाही.

ज्याने गुन्हा केला त्याला पकडा, पुरावा मांडा, कोर्टात शिक्षा होऊ द्या. बाबासाहेबांच्या संविधानाची चौकट तीच आहे. गुन्ह्याला नाव असते, तारीख असते, कलम असते. वस्तीला कलम लागत नाही.

राजाने स्वीकारले, रस्त्याने नाही

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेवर स्वतंत्र भाग लिहिला आहे. अंगुलिमालाची कथा त्यात आहे. ती आपण विहारात कितीदा ऐकली. दरोडेखोर बदलला, भिक्खू झाला, साधू साधू साधू; कथा संपली. पण पाली सुत्तात कथा तिथे संपत नाही. राजा प्रसेनजित घोडदळ घेऊन त्याला पकडायला निघालेला असतो. भगवान विचारतात, तो अंगुलिमाल मुंडन करून, चीवर घालून, शीलाने जगताना दिसला तर काय कराल? राजा म्हणतो, वंदन करीन. आणि शेजारीच बसलेला भिक्खू अंगुलिमाल आहे असे कळल्यावर घाबरला तरी शब्द पाळतो. पुढे अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याच्यावर दगड पडतात, काठ्या पडतात. डोके फुटलेला, पात्र फुटलेला, चीवर फाटलेला तो परत येतो.

राजाने स्वीकारले, रस्त्याने स्वीकारले नाही. १९५२ साली आपल्या देशात हेच घडले. संसदेने कायदा रद्द केला आणि गल्लीने चालू ठेवला.

आणि ध्यानात घ्या, अंगुलिमालाने तरी खून केले होते. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलाने काय केले होते? ज्याने गुन्हा केला त्यालाही भगवंताने बदलायला वाव दिला. आम्ही ज्याने काही केले नाही त्याला तीन आठवडे दिले.

वसल सुत्त आपण ब्राह्मण्याविरुद्ध नेहमी वापरतो. जन्माने कोणी वृषल होत नाही, जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, कर्माने होतो. हे हत्यार दुधारी आहे. जन्माने कोणी ब्राह्मण होत नसेल, तर जन्माने कोणी चोरही होत नाही. आणि जन्माने कोणी निर्दोषही होत नाही. आपण बौद्ध वस्तीत जन्मलो म्हणून आपली नजर आपोआप समतेची होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या २२ प्रतिज्ञांत माणसांची समता मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती एकदा घेऊन संपत नाही. रोज पाळावी लागते. मे २००७ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आपण त्यांचे मोठ्या मनाने स्वागत केले. जे आपल्या धम्मात येतात त्यांचा स्वीकार सोपा. जे येणार नाहीत, मुसलमानच राहणार, वेगळी बोली बोलणार, त्यांचा स्वीकार ही खरी परीक्षा. बाबासाहेब म्हणूनच करुणेवर थांबत नाहीत, मैत्रीपर्यंत जातात. करुणेत देणारा वर उभा असतो. मैत्रीत दोघे एका सतरंजीवर बसतात.

मोहन्यातून

महिनाभराने आम्ही तिघे त्या मुलाच्या घरी गेलो. इतकी वर्षे शेजारी राहून त्या वस्तीत पहिल्यांदाच पाऊल टाकले होते, हेही कबूल करतो. त्याच्या आईने बसवले, चहा दिला. त्याचे आजोबा सांगत होते, त्यांचे वाडवडील घोडे विकत फिरायचे, मग चष्मे आणि खडे विकले. आता आडनाव आणि पत्ता सांगितला की माल कोणी हातात धरत नाही. आम्ही माफी मागितली. मुलाची आई शांतपणे म्हणाली, "बॅग तपासली ते ठीक, भाऊ. पण मग सगळ्यांच्या का नाही तपासल्या?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नात आहे. साऊथबरो समितीपासून सायमन कमिशनपर्यंत बाबासाहेब वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारत होते, की जो नियम सगळ्यांना, तोच आम्हाला का नाही?

मुलगा आत होता, बाहेर आला नाही. तो कुठल्याशा दुकानात कामाला लागल्याचे नंतर कळले. दहावीचा फॉर्म त्याने भरला होता, पण परीक्षेला बसला की नाही, ते आम्हाला विचारायचे धाडस झाले नाही. गोष्ट गोड करून सांगायचा मोह होतो, पण खोटे कशाला लिहू?

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. अभ्यासिकेत नाव लिहिताना वस्ती विचारायची नाही. काही हरवले तर सर्वांच्या बॅगा पाहायच्या, आमच्या कार्यकर्त्यांच्या आधी, नाहीतर कोणाचीच नाही. आणि ३१ ऑगस्टला विहारात विमुक्त दिन पाळायचा, ज्यात शाहू महाराजांच्या हजेरी बंद करणाऱ्या हुकुमाची माहिती मुलांना द्यायची, आपल्या जातीच्या नावासकट. पहिल्या दोन ठरावांना विरोध झाला. "उद्या परत काही गेले तर जबाबदार कोण?" असे विचारले गेले. आम्ही म्हणालो, आम्ही. शाहू महाराजांनी पहाऱ्यावर पारधी ठेवले तेव्हा त्यांनाही कोणीतरी हे विचारले असेलच.

बांधवांनो, आपापल्या वस्तीत जरा बघा. तुमच्याकडे इराणी नसतील. पारधी असतील, वडार असतील, बांगलादेशी म्हणून हिणवलेले भंगारवाले असतील, नाहीतर आपल्याच धम्मबांधवांची दुसरी गल्ली असेल. काही हरवले की तुमची नजर पहिल्यांदा कुठे वळते, ते प्रामाणिकपणे टिपून ठेवा. तिथे हजेरीची वही उघडी आहे. पाटलाने ठेवलेली वही शाहू महाराजांनी मिटवली, सरकारने ठेवलेली १९५२ साली मिटली. आपल्या डोक्यातली आपल्यालाच मिटवावी लागेल. त्यासाठी कोणता हुकूम निघणार नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.